एक किलोमीटर, सरळ रेषेत

त्याला सगळे पोटनियम म्हणायचे. तोंडावर नाही, पण तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला राग आला नसता, त्याने फक्त विचारलं असतं, कुठल्या कलमाखालचा. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. एकतीस वर्षं एकाच कंपनीत, आणि या एकतीस वर्षांत लिफ्टने जितकी माणसं वर नेली तितकीच याने खाली उतरवली असतील असं त्याची बायको म्हणायची. लिफ्टमध्ये ती पाटी असते ना, 'सहा व्यक्ती, चारशे आठ किलो', ती पाटी अख्ख्या जगात हा एकच माणूस वाचतो. सातवा आत शिरला की हा दार धरून उभा. सातवा म्हातारा आहे का, घाईत आहे का, रडतोय का, काही देणंघेणं नाही. एकदा हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये सातव्या नेमक्या त्याच्या सासूबाई निघाल्या. सासूबाई हातात थर्मास घेऊन चार मजले जिन्याने चढल्या आणि पुढचे अकरा महिने जावयाशी एक शब्द बोलल्या नाहीत. पोटनियमला विचाराल तर ते अकरा महिने फारच छान गेले.

तर असा हा माणूस, आणि त्याची हौस काय, तर रेडिओ. ऐकायचा नाही, बोलायचा. हौशी रेडिओवाले म्हणून एक जमात असते. ते सरकारची परीक्षा देतात, परवाना काढतात, सरकार त्यांना चारपाच अक्षरांचं एक कॉलसाईन देतं, आणि मग ते घरावर तारा टांगून लांबलांबच्या अनोळखी लोकांशी बोलतात. काय बोलतात? तुझी तार किती लांब, माझी तार किती लांब. एवढंच. बायको एकदा म्हणाली, "अहो, हे सगळं मोबाइलवर होतं की." तर हा म्हणाला, "मोबाइलला परीक्षा कुठे द्यावी लागते?" म्हणजे ज्या गोष्टीला परवाना लागत नाही ती गोष्ट करण्यात मजा काय, हा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता. बायको हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकायची, त्यामुळे घरी आल्यावर असल्या प्रश्नांना ती उत्तर देत नसे.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं बाईंनी. बाई म्हणजे शाळेत भूमिती शिकवणाऱ्या, आता एकाहत्तरच्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला अकरा किलोमीटरवर गच्चीच्या घरात एकट्या राहणाऱ्या. पोटनियम एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्या शाळेत डबा आणि फायली वर नेणारी छोटी लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. स्टाफरूममध्ये बाई टेबलावर बोटाने टकटक करत बसलेल्या. याने विचारलं, हे काय. बाई म्हणाल्या, मोर्स. बस. तिथून जो शिकायला लागला तो आजतागायत. बाई हाताने टिचकी मारायच्या, म्हणायच्या, "डॅश किती लांब? तीन डॉटइतका. तुझा साडेतीन येतो. ते अर्धं कुठून आणलंस?" पोटनियमला आयुष्यात इतकं सुखाचं काही कुणी बोललंच नव्हतं. कुणीतरी एवढं बारीक मोजणारं आहे, या भावनेनेच तो पाघळला.

आता बाईंची गोष्ट. बाईंचे वडील जहाजावर रेडिओ ऑफिसर. त्या काळी जहाजं मध्यम लहरींवर मोर्समध्ये बोलायची, चारशे-पाचशे किलोहर्ट्झच्या आसपास. बाई लहानपणी घरातल्या जुन्या रेडिओवर वडिलांचं जहाज किनाऱ्याजवळ आलं की त्यांचा हात ऐकायच्या. हात म्हणजे ठोकायची पद्धत, ती प्रत्येकाची वेगळी असते, अक्षरासारखी. वडील कुणाला तरी सांगायचे, अमुक टन माल, तमुक वाजता पोचतो, आणि घरात ही सात वर्षांची पोरगी जमिनीवर पालथी पडून ऐकायची. उत्तर द्यायची सोय नाही. त्या लहरींवर बोलायची परवानगी फक्त जहाजांना आणि बंदरांना. पुढे जहाजबिहाज काही बुडालं नाही, उगाच डोळे पुसू नका, वडील व्यवस्थित निवृत्त झाले, घरी आले आणि वीस वर्षं पेपर वाचत बसले. पण बाईंचं म्हणणं असं की पेपर वाचणारा तो माणूस वेगळाच होता, कमी बोलणारा, आणि आपले बाबा म्हणजे तो रेडिओवरचा ठोका. मग जहाजं उपग्रहावर गेली आणि तो सगळा पट्टा गप्प झाला. बाई म्हणायच्या, "आयुष्यभर ऐकलं रे त्या बँडवर. बोलले एकदाही नाही."

म्हणून पोटनियमने पत्रं लिहायला घेतली. सरकारच्या बिनतारी विभागाला. विषय, चारशे बहात्तर ते चारशे एकोणऐंशी किलोहर्ट्झ हा मध्यम लहरींचा पट्टा हौशी परवानाधारकांना खुला करणेबाबत. नऊ वर्षांत सतरा पत्रं. पहिल्या बाराला उत्तर नाही. तेराव्याला उत्तर आलं की तुमचं चौथं पत्र मिळालं. पंधराव्याला विभागाने चक्क विचारलं की तुम्हाला काही सूचना करायच्या असतील तर करा. याने बावीस पानं सूचना केल्या.

आणि एके दिवशी राजपत्रात नियम आले. बँड खुला.

गावातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबची बैठक औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरायची, कारण क्लबचा सेक्रेटरी औषधवाला होता. खोलीत खोकल्याच्या औषधाचे खोके, मधे चार खुर्च्या, बाईंना उशीवाली. औषधवाल्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हा बँड फक्त वरच्या श्रेणीच्या परवान्यावर. औषधवाल्याकडे खालची श्रेणी, त्यामुळे त्याचा आवाज तिथेच बसला. अख्ख्या गावात वरच्या श्रेणीचे दोघेच, बाई आणि पोटनियम. पुढे, अँटेनातून बाहेर पडणारी ताकद एक वॅटपेक्षा जास्त नको.

"एक वॅट?" औषधवाला म्हणाला. "माझ्या फ्रीजमधला दिवा पंधरा वॅटचा आहे."

"इतक्या लांब लहरीला तार कितीही लांब लावली तरी आखूडच," पोटनियमने सांगितलं. "शंभर वॅट घालायचे तेव्हा एक बाहेर पडतो."

"आणि नव्याण्णव?"

"जमिनीत जातात."

"म्हणजे गांडुळांना हीटर," औषधवाला म्हणाला. बाई हसल्या.

मग नियम सात. औषधवाला वाचता वाचता हळू झाला. "सदर पट्ट्यातील प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी परवानाधारकाने वीज कंपनीस अँटेनाच्या जागेची लेखी सूचना द्यावी, व तीस दिवसांत हरकत न आल्यास प्रक्षेपण करावे. मात्र, यादीत नमूद अशा उच्चदाब वाहिनीपासून, जिच्यावरून वीज कंपनी आपले संदेश पाठवते, सरळ रेषेत मोजले असता एक किलोमीटरच्या आत असलेल्या अँटेनास अशी परवानगी असणार नाही." त्याने चष्म्यावरून बघितलं. "हे 'सरळ रेषेत मोजले असता'. हे कुणाचंय?"

पोटनियम लाल झाला होता. लाजेने नाही हो, अभिमानाने. ते वाक्य त्याचं होतं. बावीस पानांतलं पान अकरा. विभागाने जसंच्या तसं उचललं होतं, स्वल्पविरामासकट.

त्याचं असं झालं, वीज कंपनी मोठ्या मनोऱ्यांवरच्या त्याच तारांमधून आपले निरोपही पाठवते, कुठे बिघाड झाला, कुठलं बटण पाडायचं वगैरे, आणि ते साधारण याच लहरींवर असतात. विभागाला भीती होती की हौशी लोक त्यात लुडबूड करतील. पोटनियमने विचार केला, आपणच आधी एक अट सुचवली तर आपण जबाबदार दिसू. पाचशे मीटर लिहिलं तर घासाघीस केल्यासारखं वाटेल, म्हणून गोल आकडा, एक किलोमीटर. आपल्या घराजवळची वाहिनी तर दोन किलोमीटरवर आहे, स्कूटरच्या काट्यावर त्याने स्वतः बघितलं होतं.

बाई म्हणाल्या, "छान. पण आपल्याला घाई करायला हवी. मी जातेय लेकीकडे, कायमची. आजपासून चाळिसाव्या दिवशी ट्रक येणार आहे. तिच्या इमारतीत गच्चीवर तार लावू देत नाहीत, दोरीसुद्धा नाही. माझी सूचना मी आज सकाळीच दिली." आणि मग, बाईंच्या मानाने फारच हळू, "मी ठोकेन, पण पलीकडे उत्तर द्यायला कुणीतरी पाहिजे ना रे. नाहीतर पुन्हा एकटीनंच."

म्हणजे बघा काय ते. पलीकडे कुणीतरी म्हणजे कोण, हाच. दुसरा कोणी नाहीच.

चार दिवस हा माणूस हवेत होता. लिफ्टच्या मशीनरूममध्ये ग्रीस लावता लावता हाताखालच्या फिटरला सांगायचा, देशाच्या कायद्यात माझं एक वाक्य आहे. फिटर म्हणायचा, "अहो, तो ब्रेक धरा आधी." घरी त्याने बादलीवर तांब्याची तार गुंडाळून हे मोठं वेटोळं केलं, कारण आखूड तारेला ते लागतं. बायको म्हणाली, "आंघोळ कशात करायची?" हा म्हणाला, "इतिहास घडतोय." ती म्हणाली, "घडू दे, पण दुसऱ्या बादलीत."

पाचव्या दिवशी सूचनेचा अर्ज भरायला बसला. रकाना नऊ, जवळच्या वाहिनीपासून अंतर. याने लिहिलं २.१ किमी. बायको मागून वाकून बघत होती, तिने मोबाइलवर नकाशा काढला, एक बोट घरावर ठेवलं, एक मनोऱ्यावर. "नऊशे एक्केचाळीस मीटर," ती म्हणाली.

"चुकीचंय. स्कूटरवर दोन पॉइंट एक येतं."

"स्कूटर नाल्याला वळसा घालून जाते. तुम्हीच लिहिलंयत ना, सरळ रेषेत?"

मोबाइलला परीक्षा नसते म्हणून त्याने मोबाइलवर विश्वास ठेवला नाही. औषधवाल्याला बोलावलं, पन्नास मीटरचा टेप घेतला आणि दोघं निघाले, सरळ रेषेत. आता सरळ रेषा ही फक्त भूमितीत सरळ असते. गावात ती एका लाँड्रीतून जाते, मग फुटबॉलच्या मैदानातून, आणि मग दाताच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममधून. तिथे गालाला फडकं बांधलेल्या एका बाईने टेपचं टोक धरलं, काही न विचारता, बहुतेक तिला वाटलं हा उपचाराचाच भाग आहे. शेवटी मनोऱ्याच्या पायाशी टेप लागला तेव्हा आकडा आला नऊशे चव्वेचाळीस. जास्तीचे तीन मीटर डॉक्टरच्या सोफ्याला घातलेल्या वळशाचे.

औषधवाला मनोऱ्याखालीच बसला आणि हसायला लागला. तीन वर्षांपूर्वी मर्यादेपेक्षा पाच वॅट जास्त वापरले म्हणून पोटनियमने त्याची तक्रार केली होती, महिनाभर त्याचा सेट बंद होता. त्यामुळे तो पोट धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग म्हणाला, "जाऊ दे रे. लाव तार. मी कुणाला सांगत नाही."

"मी सांगेन ना," पोटनियम म्हणाला.

सातव्या दिवशी तो वीज कंपनीत गेला. खिडकीवरच्या माणसाने अर्ज न वाचताच विचारलं, दिवा कमी-जास्त होतोय का. हा म्हणाला, नाही, मला मध्यम लहरींवर प्रक्षेपण करायचं आहे. तो म्हणाला, हो हो, म्हणजे व्होल्टेजच, आणि एक तक्रार क्रमांक फाडून दिला. मग तीन खोल्या हिंडून याला एक खरा इंजिनिअर सापडला, टेबलावर हेल्मेट उलटं ठेवून त्यात पेन्सिली ठेवणारा. त्याने नियम सात शांतपणे वाचला.

"या वाहिनीवर आता काही नाहीये हो," तो म्हणाला. "सात वर्षं झाली, निरोप सगळे फायबरवर गेले. ती मशिनं काढली, त्या खोलीत आम्ही सायकली ठेवतो."

पोटनियमचा जीव भांड्यात पडला. "मग यादीतून नाव काढा ना."

"यादी आमच्याकडे नाही. विभागाकडे असते."

"विभागाने सांगितलं तुमच्याकडे आहे."

"मग कुणाकडेच नाही," इंजिनिअर म्हणाला, आणि याचं तोंड बघून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो पुढे म्हणाला, "काका, तुम्ही लावा की बिनधास्त. कोण येणार आहे टेप घेऊन मोजायला?"

"मी," पोटनियम म्हणाला. "बाकीच्यांकडे मीच जातो."

त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. बादलीच्या वेटोळ्याकडे बघत बसला. वाहिनी मेलेली आहे हे त्याला माहीत, रिसीव्हर लावून त्याने स्वतः ऐकलं, तिथे काही म्हणजे काही नाही, नुसती खरखर. पण यादीत नाव आहे, आणि यादीत नाव असलं की आहे, हेच तो आयुष्यभर लोकांना सांगत आलाय. बायकोने ताट झाकून ठेवलं. तिला त्याची चीड यायची, रोज यायची, पण असा गप्प बसलेला बघवेना.

"किती कमी पडतंय?" तिने विचारलं.

"एकोणसाठ मीटर."

"मग घर ढकला मागे." आणि मग ती स्वतःच थांबली, कारण दोघांनीही एकदमच मागच्या खिडकीकडे बघितलं होतं.

मागे सुताराची वखार होती. लांबच लांब, शंभर-सव्वाशे मीटर, फळ्यांच्या थप्प्या, करवतीची मशिनं, टोकाला दोन उंच झाडं. त्या टोकाला तार लावली तर एक हजार वीस मीटर सहज. अडचण एकच, सुतार. सहा वर्षांपूर्वी सुताराने एक शेड बांधली, ती हद्दीच्या चाळीस सेंटिमीटर पुढे आली, आणि पोटनियमने नगरपालिकेत अर्ज केला. दोन माणसं येऊन छप्पर कापून गेली. तेव्हापासून सुताराने कुंपणाला लागून फळ्यांची अशी थप्पी लावली की याच्या स्वयंपाकघरात उजेड येईना. उंची दोन मीटर चाळीस. नियमात दोन पन्नासपर्यंत चालते. पोटनियमने शिडी लावून मोजलं होतं आणि मनातल्या मनात सुताराबद्दल थोडा आदरही वाटला होता.

"मी नाही जाणार," तो म्हणाला.

"नका जाऊ," बायको म्हणाली. "बाईंना तुम्ही सांगा मग. फोन देऊ?"

नवव्या दिवशी सकाळी तो गेला. हातात ना-हरकतीचा कोरा फॉर्म. वखारीत तीन कामगार, मधे सुतार, कानावर पेन्सिल, अंगावर भुसा. मशीन बंद झालं. कुणी 'बसा' म्हटलं नाही.

"या या नियमसाहेब," सुतार म्हणाला. "काय मोजायचं राहिलं?"

पोटनियमने सगळं सांगितलं. वाईट सांगितलं, कलम क्रमांकांसकट. सुताराने ऐकून घेतलं, आत गेला आणि एक फ्रेम घेऊन आला. फ्रेममध्ये काचेखाली पोटनियमचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज. नगरपालिकेने दिलेली प्रत.

"फ्रेम बघा साहेब. कापलेल्या छपराचंच लाकूड आहे," सुतार म्हणाला. "वाया नाही घालवलं. आता हे वाचा. मोठ्याने. या पोरांना कळू दे आपण कुठल्या बाबतीत चुकलो होतो ते. मग तुमच्या कागदाचं बघू."

पोरं म्हणजे तिघंही चाळिशीच्या पुढचे, पण फळ्यांवर रांगेत बसले, शाळेत बसल्यासारखे. पोटनियमने घसा साफ केला. "सदर शेड ही हद्दीच्या पुढे चाळीस सेंटिमीटर आली असून त्यायोगे वायुवीजन, प्रकाश व सार्वजनिक शिस्त यांस बाधा पोहोचत आहे."

"शेडने काय बेशिस्त केली?" एकाने विचारलं.

"मधे बोलू नको, परिच्छेद संपू दे," सुतार म्हणाला.

"हे अंतर प्रस्तुत अर्जदाराने स्वतः," आणि पोटनियम अडखळला, "सरळ रेषेत मोजले असता." पुढे तीन ओळी होत्या, पण त्याला वाचता येईना. तेच वाक्य. तोच टेप. आपण एकच वाक्य घेऊन आयुष्यभर फिरतोय, कधी शेजाऱ्याच्या दारात, कधी राजपत्रात, आणि एकदा ते आपल्याच दारात आलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पण हे वाक्य फॉर्ममध्ये बसणारं नव्हतं.

सुताराने फ्रेम काढून घेतली. "त्या चाळीस सेंटिमीटरमध्ये काय होतं माहितीय? माझ्या बापाचं बाक. रंधा मारायचं. आत मावत नव्हतं, म्हणून छप्पर पुढे घेतलं. छप्पर गेलं, बाक दोन वर्षं उन्हापावसात राहिलं, मग वाळवी."

पोटनियमला म्हणावंसं वाटलं, मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर त्याने अर्ज केला नसता का? केला असता. हे त्याला माहीत होतं आणि सुतारालाही, त्यामुळे ते वाक्य त्याने गिळलं. म्हणाला फक्त, "चूक झाली." एकतीस वर्षांत लिफ्टच्या बाबतीतसुद्धा त्याने हे शब्द वापरले नव्हते.

सुताराने फ्रेमवरचा भुसा पुसला. मग त्याने विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाईंना फोन का नाही करत?"

"फोनवर बाई 'बरं बरं' म्हणतात आणि ठेवतात. मोर्सवर बोलतात. आणि हे बोलणं माझ्यासाठी नाहीये. त्यांनी आयुष्यभर त्या जागी नुसतं ऐकलंय, बापाला. एकदा त्यांना तिथं बोलायचंय, आणि पलीकडे कुणीतरी असायला पाहिजे."

"बापाला," सुतार म्हणाला. कानावरची पेन्सिल काढली, फॉर्म फळीवर ठेवला. "कुठे सही? अर्धा तास देईन. त्याच्यावर एक मिनिट नाही. माझं काम खोळंबतं."

त्याच दुपारी सूचना गेली, वखारीच्या टोकाचा पत्ता आणि अक्षांश-रेखांशासकट. आणि मग तीस दिवस. तीस दिवसांत हरकत आली नाही तर परवानगी. म्हणजे सरकार काही बोललं नाही की होकार. पोटनियमला आयुष्यात कधी नुसत्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवावा लागला नव्हता. तो रोज पोस्टमनला फाटकात गाठायचा. पोस्टमन वैतागून रस्ता बदलायला लागला. एकोणतिसाव्या दिवशी वीज कंपनीचं पाकीट आलं. लांबट, तपकिरी, शिक्का मारलेलं. पोटनियमने ते उघडलंच नाही, टेबलावर ठेवलं आणि आंघोळीला निघून गेला. बायकोने उघडलं, वाचलं, आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. "आपली कमी-जास्त व्होल्टेजची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे."  आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला.

चाळिसावा दिवस. सकाळी दहा. बाईंचा ट्रक दोनला येणार होता आणि त्याआधी त्यांना गच्चीवरची तार उतरवायची होती. वखारीच्या टोकाला दोन झाडांमधे पोटनियमची तार, खाली बादली, बाजूला फळ्यांच्या थप्पीवर सेट आणि मोर्सची कळ. औषधवाला दुकान बंद करून आला होता, बघायला. बायको हॉस्पिटलला दांडी मारून आली होती, पण म्हणाली की मी चहा द्यायला आलेय. पोटनियमने हेडफोन लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"करवत. मोटारीची खरखर येतेय. काही ऐकूच येत नाहीये."

सुताराने मागे वळून हाताने कापल्यासारखी खूण केली. करवत थांबली. तिघं कामगार हाताची घडी घालून उभे राहिले. "अर्धा तास," सुतार म्हणाला.

आणि खरखर खाली बसली आणि त्यातून तो आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. बाईंचं कॉलसाईन. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पोटनियमने कळ जवळ ओढली. त्याने उत्तर दिलं. त्यांचं कॉलसाईन, मग स्वतःचं, मग नियमाप्रमाणे सिग्नलचा दर्जा, मग जागा.

 मग पलीकडून ठोके. तो वहीत एकेक अक्षर उतरवत गेला आणि उतरवता उतरवता हसायला लागला आणि मग त्याला नाक पुसावं लागलं.

"काय म्हणतायत?" सुताराने विचारलं.

"डॅश लांबतोय म्हणतायत. साडेतीन."

"पलीकडे पोचलं ना पण?"

"पोचलं."

मग बाई बोलत सुटल्या. फोनवर 'बरं बरं' करणारी बाई, ती बोलत सुटली. कपाटाची किल्ली सापडत नाही. शेजारणीला कुंड्या दिल्या. तार उतरवणारा माणूस येऊन गच्चीत बसलाय, त्याला चहा दिला. इथे गच्चीवर खूप ऊन आहे. लहान असताना बाबा याच बँडवर माल किती टन ते सांगायचे आणि मला वाटायचं आता माझं नाव सांगतील. नाही सांगितलं कधी, कसं सांगतील, जहाजाचं काम. पोटनियम लिहीत गेला. दर दहा मिनिटांनी कॉलसाईन द्यायचं असतं, तो नियम आहे, तो देत गेला. दोनदा विसरला. औषधवाल्याने ते पाहिलं आणि काही बोलला नाही.

अर्धा तास झाला. सुताराने घड्याळ बघितलं. पोटनियमने त्याच्याकडे बघितलं, आणि कळेवर हात ठेवून निरोपाची खूण ठोकायला घेतली, पण बाईंनी मधेच तोडलं आणि नवं काहीतरी सुरू केलं, वडिलांच्या चष्म्याबद्दल. पाऊण तास. एक तास. कामगार फळ्यांवर बसले, एकाने डुलकी काढली. बायकोने सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला, सुतारालाही, आणि त्याने घेतला. पोटनियम आता नोंदी करणं सोडून नुसतंच ऐकत होता, डोळे मिटून, आणि मधेमधे एखादा शब्द ठोकत होता, हो, मग, पुढे.

पावणेबाराला सुताराचा मोबाइल वाजला. कुणीतरी दाराच्या चौकटीसाठी ओरडत होतं, चार हात लांबूनही ऐकू येत होतं.

"नाही, आज मशीन बंद आहे," सुतार हळू आवाजात म्हणाला, एका हाताने मोबाइल झाकत. "नाही, बिघडलं नाहीये. कधी सुरू होईल ते माझ्या हातात नाही हो. इथे एक बाई बोलतायत, त्यांचं झालं की."